कोळसा सरला, शहर राहिलें

महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं आपल्या धर्मग्रामाची हकीकत सांगतांना, ज्या भूमींत तो रुजला तिचाहि थोडा इतिहास सांगणें आम्हांस उचित वाटतें. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यांत खाणीच्या आधारें चालणारीं घरें पुष्कळ आहेत. खाण संपल्यावर गांवाचें काय होतें, हा प्रश्न त्या घरांतील मुलाबाळांपुढें केव्हां तरी उभा राहणारच. त्याचें एक उत्तर वरोऱ्याच्या इतिहासांत सांपडतें.

इंग्रजी अमलांत, १८७० नंतरच्या दशकांत, सरकारनें वरोऱ्यास खाण चालविली आणि तिचा कोळसा नेण्यासाठीं वर्ध्याहून हिंगणघाटमार्गें लोहमार्ग आणिला. आगगाडी आली तसा कापसाचा बाजारहि वाढला. पुढें १९०६ सालीं खाण बंद झाली, आणि कोळशाचें काम बल्लारपुराकडे गेलें. परंतु वरोरा ओस पडलें नाहीं. कोळशासाठीं घातलेले रूळ पुढें वाढत गेले, आणि १९२९ सालीं बल्लारपूर व काझीपेठ जोडलीं जाऊन दिल्ली-मद्रास हा मोठा मार्ग वरोऱ्यावरूनच झाला.

खाण चालू असतांनाच, १८९१ सालीं, पोप तेरावे लिओ यांनीं कामगारांविषयीं आपलें विश्वपत्र प्रसिद्ध केलें. नागपूरचा धर्मप्रांत १८८७ सालीं स्थापिला तो याच पोपमहाराजांनीं. पृथ्वीच्या पोटांतून कोळसा व दगड काढणाऱ्यांचे श्रम अधिक कष्टाचे व प्रकृतीस अपायकारक, म्हणून त्यांच्या कामाचे तास त्या मानानें कमी असावे, असें त्या पत्रांत स्पष्ट सांगितलें आहे. कोळसा जळून जाण्यासाठींच असतो. माणूस तसा नव्हे, हेंच त्याचें सार.

याचा प्रत्यय पुढें त्याच वरोऱ्याच्या परिसरांत आला. बाबा आमटे यांनीं १९४९ सालीं महारोगी सेवा समिति स्थापिली, आणि १९५१ सालीं विनोबांच्या हस्तें आनंदवनाचा आरंभ झाला. जेथें एके काळीं कोळशासाठीं जमीन खणली, तेथें समाजानें टाकिलेल्या कुष्ठरोग्यांनीं पाण्यासाठीं विहीर खणली आणि खडकाळ माळावर पिकें काढिलीं. ज्यांस लोक निरुपयोगी म्हणत, त्यांच्या हातांनीं वरोऱ्याचें नांव जगभर गेलें.

१९६२ सालीं चांद्याचें धर्मक्षेत्र स्वतंत्र झालें, आणि त्याचें मुख्य देवालय बल्लारपुरास आहे. कोळशाच्या मागोमाग मजूर गेला, आणि मजुरामागोमाग ख्रिस्तसभाहि गेली.

प्रिय बंधुभगिनींनो, आपल्या पायांखालचा कोळसाहि एक दिवस सरेल. त्या दिवशीं आपल्यापाशीं काय उरावें, हें आजच ठरवावयाचें आहे. मुलांना दिलेली विद्या, आजाऱ्याची केलेली शुश्रूषा आणि शेजाऱ्याला दिलेला आधार, एवढेंच खाणीबरोबर संपत नाहीं. अंधारांत राबून ज्यांनीं हीं गांवें उभीं केलीं, त्या सर्व श्रमिकांस आम्ही या महोत्सवाच्या मिस्सांत प्रभुचरणीं अर्पण करितों.