कार्थेजच्या रस्त्यावरचा न्याय

इ. स. 252. आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरच्या कार्थेज शहरात तुम्ही उभे आहात. बिर्सा टेकडीवरून बंदराकडे उतरताना एरवी रोमला जाणाऱ्या धान्याची आणि ऑलिव्ह तेलाची लगबग दिसली असती. आज दारं लावलेली आहेत आणि रस्त्याच्या कडेला माणसं पडली आहेत. काही गेलेली, काहींची धुगधुगी शिल्लक. घरच्यांनीच त्यांना बाहेर आणून टाकलंय. आजारी माणूस बाहेर गेला की त्याच्याबरोबर मरणही बाहेर जाईल, असं त्यांना वाटतंय.

तुम्ही एकाजवळ वाकता. डोळे रक्ताळलेले, घसा आतून सोललेला. उलट्या आणि जुलाब थांबत नाहीत. काहींचे पाय सडत चाललेत, काहींची दृष्टी गेली आहे. लोक म्हणतात, हा ख्रिस्ती लोकांमुळे देवांचा झालेला कोप. दोनच वर्षांपूर्वी सम्राट डेसियसच्या हुकमानं या ख्रिस्ती लोकांना देवांपुढे बळी अर्पण करायला भाग पाडलं होतं. नकार देणारे तुरुंगात गेले, कित्येक जण भीतीनं वाकले.

आता त्यांच्या मंडळीत जाऊन बसा. पुढे बिशप सिप्रियन उभा आहे. एकेकाळी वक्तृत्व शिकवणाऱ्या या माणसाला बाप्तिस्मा घेऊन फार वर्षं झालेली नाहीत. समोरच्या चेहऱ्यांवर एकच प्रश्न आहे: मूर्तिपूजकांसारखीच आपलीही माणसं मरताहेत, मग प्रभूनं आपल्याला राखलं कुठं? सिप्रियन खोटा दिलासा देत नाही. हे शरीर आहे तोवर दुष्काळ, जहाज फुटणं, रोगराई सगळ्यांच्या वाट्याला सारखीच, असं तो सांगतो. मग तो असं काही बोलतो की तुम्ही सावरून बसता. ही साथ माणसाचं मन तपासते आहे. धडधाकट माणूस आजाऱ्याची सेवा करतो का? नातलग नातलगाला धरून राहतो का? मालकाला आजारी गुलामाची दया येते का? वैद्य रोग्याला सोडून पळतो का?

गेलेल्यांसाठी काळे कपडे घालू नका, असंही तो सांगतो. त्यांनी स्वर्गात शुभ्र वस्त्रं नेसली आहेत. ती माणसं आपल्याला दुरावलेली नाहीत, पुढे गेली आहेत. आपलं खरं गाव तिकडेच आहे आणि आईबाप, भावंडं, लेकरं आपली वाट पाहताहेत.

एवढ्यावर सभा संपत नाही. कामं वाटली जातात. पैसेवाले पैसे देतात. ज्यांच्याजवळ काही नाही ते अंगमेहनत देतात आणि ती पैशाहून मोलाची ठरते. फक्त आपल्या माणसांना सांभाळणं यात विशेष काही नाही, असं बिशपनं बजावलंय. देवाचा सूर्य चांगल्यांवर उगवतो तसाच वाईटांवरही. म्हणून काल ज्यांनी छळ केला, त्यांच्या दाराशीही आज ही माणसं जातात. तुम्हीही एका अनोळखी माणसाच्या खांद्याखाली हात घालता.

सहा वर्षं पुढे या. 14 सप्टेंबर 258. ख्रिस्ती लोकांचा छळ पुन्हा सुरू झाला आहे. रोमन प्रांताधिकारी, म्हणजे प्रोकॉन्सल, गॅलेरियस मॅक्सिमस सिप्रियनला शिरच्छेदाची शिक्षा वाचून दाखवतो. सिप्रियन देवाचे आभार मानतो आणि तलवार चालवणाऱ्याला 25 सोन्याची नाणी द्यायला सांगतो. रात्री त्याची माणसं मशाली पेटवून, प्रार्थना करत त्याला पुरायला नेतात. इतरांना मरणाविषयी जे शिकवलं, ते त्यानं स्वतःच्या मरणात निभावलं.

परलोकाची आशा माणसाला या जगातल्या दुःखापासून तोंड फिरवायला शिकवते, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. कार्थेजमध्ये तुम्ही उलट घडताना पाहिलंत. मरणाच्या भीतीनं ज्याला घेरलं त्यानं बापालाही बाहेर टाकलं. पुनरुत्थानावर ज्याचा भरवसा होता, तो परक्याच्या उशाशी बसला. न्यायाचा दिवस कधी उजाडेल ते पित्यालाच ठाऊक. त्या दिवशी काय विचारलं जाईल, ते मात्र आपल्याला आधीच सांगून ठेवलेलं आहे: मी आजारी होतो, तेव्हा तू आलास का? आपल्या काळात परतल्यावर एखाद्या आजाऱ्याच्या दारात पाय अडखळले, तर सार्वकालिक जीवनावरची आपली श्रद्धा तिथंच तपासून पाहा, आणि आत जा.