गवयाच्या मनाचा सांभाळ

उत्सवाच्या रात्री पालखी चौकात थांबते, गाणे होते, आणि गवई उठून गेल्यावर श्रोते त्याच्या आवाजाची, तानेची, लयीची चर्चा करीत प्रसाद घेऊन घरोघर परततात. गळ्याच्या निगेविषयी आपल्याकडे पुष्कळ सांगितले जाते. ज्येष्ठमध चघळावा, आंबट वर्ज्य करावे, पहाटे खर्ज भरावा, हे पोरासोरांनाही ठाऊक असते. परंतु ज्या मनाच्या आधाराने हे सारे गाणे उभे राहते त्याची विचारपूस करण्याची चाल आपल्यांत फारशी नाही. ती कोणी, केव्हा आणि कशी केली हे पाहावयाचे तर संगीतशास्त्राच्या ग्रंथांचा उपयोग नाही. गवयांची चरित्रेच चाळावी लागतात. ती चाळता आम्हांस असे दिसले की, खचलेले मन ज्यांचे सावरले त्यांच्या पाठीशी बहुधा एखादे माणूस उभे होते, आणि ते माणूस लाभणे हा सर्वस्वी दैवाचा भाग होता.

प्रथम ग्वाल्हेरकडे वळू. हद्दूखाँ आणि हस्सूखाँ या बंधूंनी तेथे ख्यालगायनाची गादी स्थापिली. हस्सूखाँच्या मृत्यूची आख्यायिका प्रसिद्धच आहे. बडे महंमदखाँच्या समोर त्यांचीच एक अवघड तान घेण्याची हस्सूखाँस गळ घालण्यात आली, आणि ती दुसऱ्यांदा घेताना त्यांची बरगडी मोडली असे सांगतात. कथेतील खरेखोटे बाजूस ठेवू. ती सांगणारे तानेचे वर्णन रंगून करतात, हे मात्र ध्यानात घेण्याजोगे आहे. भर बैठकीत 'आज नको' असे म्हणण्याची मुभा त्या थोर गवयास का नव्हती, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. दरबारी बैठक ही पुष्कळदा कुस्तीच असे आणि हरण्याची धास्ती घरातच मुलांच्या अंगी मुरत असे.

त्याच घरात हद्दूखाँचे पुत्र रहिमतखाँ वाढले. त्यांचा गळा असा की, पुढे अब्दुल करीमखाँसारख्या गवयाने त्यापासून स्फूर्ती घेतली. हद्दूखाँच्या पश्चात मात्र रहिमतखाँचे मन ताळ्यावर राहिले नाही. अफूची सवय जडली, ग्वाल्हेर सुटले, आणि हा घराण्याचा वारस काशीत दीनवाण्या स्थितीत भटकू लागला. तेथे तो विष्णुपंत छत्र्यांच्या दृष्टीस पडला. छत्रे हे अंकलखोपचे, आणि १८८० साली हिंदी सर्कस काढणारे म्हणून आपणांस ठाऊक आहेत. परंतु तरुणपणी ग्वाल्हेरीस राहून ते हद्दूखाँपाशी गाणे शिकले होते. गुरूचा मुलगा अशा अवस्थेत पाहून त्यांनी त्यास आपल्याबरोबर नेले.

यापुढील हकीकत आम्हांस या सर्व इतिहासात अधिक मोलाची वाटते. छत्र्यांनी रहिमतखाँस केवळ अन्नवस्त्र दिले नाही. सर्कशीच्या मुक्कामामुक्कामावर त्यांस बरोबर ठेविले आणि गावोगावच्या रसिकांपुढे गावयास बसविले. गवयाचे खाणेपिणे, त्याची अफू, त्याची लहर, हे सारे एका कामात गुंतलेल्या गृहस्थाने वर्षानुवर्षे सोसले. घोडे शिकविणाऱ्या मनुष्यास चाबकाने काय साधते आणि धीराने काय साधते हे पुरते कळत असावे, असा आमचा तर्क आहे. १९०५ साली विष्णुपंत निवर्तले. तेव्हा हा भार त्यांचे बंधू काशीनाथपंत यांनी उचलला, आणि १९२२ साली कुरुंदवाडास रहिमतखाँचा अंत होईपर्यंत तो वाहिला. अखेरच्या वर्षांत त्यांच्या गाण्याच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. आज आपण त्यांचा जो स्वर ऐकतो तो छत्रे बंधूंच्या घरचे अन्न खाऊन टिकलेला आहे.

लोक त्यांस 'भूगंधर्व' म्हणत, आणि 'अवलिया'ही म्हणत. हा दुसरा शब्द आम्हांस खटकतो. त्यात आदर आहे खरा, पण त्याच्या आड एका दुखणाईत मनाचे दुखणे झाकले जाते. मनुष्य अवलिया ठरला की त्याची काळजी वाहण्याचे कारण उरत नाही. त्याच्या गोष्टी सांगितल्या म्हणजे काम भागते.

अल्लादियाखाँचे संकट निराळ्या जातीचे. आमलेटा संस्थानात असता तेथील अधिपतीपुढे अतोनात गावे लागून त्यांचा आवाज बसला, आणि बराच काळ तो परत आला नाही. आवाज हीच ज्याची जमीन आणि हेच ज्याचे घर, अशा माणसावर हा प्रसंग! पुढे आवाज आला तो पूर्वीचा नव्हता. खाँसाहेबांनी त्या बदललेल्या आवाजास साजेशी पेचदार, बळकट लयीची गायकी बांधली. १८९५ साली शाहू महाराजांनी त्यांस कोल्हापुरी आश्रय दिला. खाँसाहेबांचे चिरंजीव भूर्जीखाँ तेथे अंबाबाईच्या देवळात गायनसेवा करीत. देवापुढील सेवेचा एक गुण येथे नोंदवून ठेवतो: तीत हारजीत नसते. ठरल्या वेळी यावे, गावे, नमस्कार करून जावे. रोजच्या अशा गाण्याने मनास जे स्थैर्य येते ते बैठकीच्या वाहवेने येत नाही, असे आम्हांस वाटते.

पण देवळांचा एवढाच गुण सांगून आम्ही थांबलो तर ते अर्धसत्य होईल. गोमंतकातील ज्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या देवांपुढे गाणे केले, त्यांच्या स्त्रियांचा स्वर महाजनांस हवा असे. त्यांना पंक्तीत बरोबरीचा मान मात्र मिळत नसे. मोगूबाई कुर्डीकरांचे चरित्र या दृष्टीने वाचावे. १९०४ साली कुर्डी गावी जन्म. दहाव्या वर्षी आई जयश्रीबाई गेल्या. मुलीने मोठी गायिका व्हावे हा त्या माउलीचा ध्यास होता. नाटक मंडळीत पोट भरताना खटका उडाला, नोकरी सुटली, प्रकृती ढासळली. उपचारांसाठी ही मुलगी सांगलीस आली, आणि तेथे तिचा रियाज कानी पडून अल्लादियाखाँ स्वतः होऊन शिकवू लागले. असे भाग्य उजळते न उजळते तोच ते हिरावले गेले. खाँसाहेब मुंबईस गेले. ती त्यांच्यामागे तेथे गेली. पण त्यांनी इतरांस शिकवू नये असा धनिक शिष्यवर्गाचा आग्रह पडला. मग त्यांचे बंधू हैदरखाँ यांची तालीम सुरू झाली, तर तीही बंद पाडण्यात आली. गंडा बांधला गेला तो १९३४ साली.

ही सारी वर्षे त्या बाईंनी कशी काढली असतील? गुरू त्याच शहरात आहे, विद्या त्याच्यापाशी आहे, आणि दार दुसऱ्याच्या पैशाने लावलेले आहे. मोगूबाई कडक होत्या, मोजके बोलत, असे त्यांस पाहिलेले लोक सांगत. आम्हांस त्या कडकपणाचे नवल वाटत नाही. त्यांच्यासाठी कोणी छत्रे आले नाहीत. त्यांनी स्वतःचा सांभाळ स्वतःच केला, आणि वर कन्या किशोरीताईंस घडविले. १९७४ साली त्यांस पद्मभूषण मिळाले तेव्हा त्या सत्तरीच्या होत्या.

बेळगावकडच्या वाचकांस सुळेभावीचे कुमार गंधर्व आठवतीलच. बालवयातच अलौकिक ठरलेल्या या मुलाकडून जाणत्यांच्या अपेक्षा अफाट होत्या. ऐन उमेदीत क्षयाने गाठले. १९४८ च्या आरंभी ते देवासला आले तेव्हा गाणे तर राहोच, मोठ्याने बोलण्याचीही मनाई होती. पत्नी भानुमतीबाई शाळेत शिकवून घर चालवीत आणि दुखणेकऱ्याची शुश्रूषा करीत. खाटेवर पडल्या पडल्या कुमारांच्या कानी रस्त्याने जाणाऱ्या बायांची माळवी गीते येत. ती त्यांनी मनात साठविली, त्यांतून राग शोधले. नव्या औषधाने रोग हटला, पण एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले होते. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा लोकांपुढे आले, ते आखूड श्वासाचे आणि तुटक स्वरावलींचे नवे गाणे घेऊन. त्या गाण्यावर पुढे वाद माजले, ग्रंथ झाले. भानुमतीबाई १९६१ साली वारल्या. त्या स्वतः गाणे शिकलेल्या होत्या. देवासच्या त्या वर्षांत त्यांचे गाणे कोठे गेले, याची नोंद आम्हांस कोणत्याच लेखात आढळली नाही.