आदेश कुणाचा, डाग कुणावर?

मंडळी, ड्रेस्डेनचं नाव निघालं की पाठोपाठ आर्थर हॅरिस यांचं नाव येतंच. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडचे प्रमुख, शहरं जाळणारा माणूस. पण आपण तारखा नीट बघू.

ऑगस्ट १९४१ मध्ये बट अहवाल आला. लक्ष्यावर हल्ला केला असं सांगणाऱ्या विमानांपैकी जेमतेम एक तृतीयांश विमानं लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोचली होती. म्हणजे रात्रीच्या अंधारात कारखाना टिपता येत नव्हता, शहर मात्र सापडत होतं. १४ फेब्रुवारी १९४२ ला हवाई मंत्रालयाचा आदेश निघाला : शत्रूच्या नागरिकांचं, विशेषतः कामगारांचं मनोधैर्य हेच आता मुख्य लक्ष्य. हॅरिस यांनी सूत्रं हाती घेतली ती त्यानंतर आठ दिवसांनी! एरवी साध्य पाहून साधन निवडायचं असतं. इथे हातातल्या साधनाने साध्य ठरवलं.

आता जानेवारी १९४५. रशियन फौजा पूर्वेकडून जर्मनीत घुसताहेत, याल्टाची परिषद तोंडावर आहे. २६ तारखेला पंतप्रधान चर्चिल हवाई मंत्री सिंक्लेअर यांना खडसावून विचारतात : बर्लिन आणि पूर्व जर्मनीतली मोठी शहरं ही आकर्षक लक्ष्यं आहेत की नाहीत? दुसऱ्याच दिवशी उत्तर जातं. त्यात लाइपझिग, केम्निट्झ आणि ड्रेस्डेनची नावं असतात. १३ फेब्रुवारीच्या रात्री ड्रेस्डेन पेटलं. सुमारे पंचवीस हजार माणसं गेली.

मग २८ मार्चला तेच चर्चिल लिहितात की, इतर सबबी पुढे करून केवळ दहशत वाढवण्यासाठी शहरांवर बॉम्ब टाकणं आता तपासून पाहायला हवं. ड्रेस्डेनवर प्रश्नचिन्ह! हवाई दलप्रमुख पोर्टल यांनी हरकत घेतली. टिपण मागे घेतलं गेलं. १ एप्रिलच्या नव्या टिपणात ‘दहशत’ हा शब्द नव्हता. उद्ध्वस्त मुलूख ताब्यात आला तर आपल्याच लोकांना राहायला जागा उरणार नाही, ही चिंता मात्र होती.

हॅरिस निर्दोष होते असं मी अजिबात म्हणत नाही. शहरांवरच्या हल्ल्यांवर त्यांचा मनापासून विश्वास होता, आणि तो त्यांनी लपवला नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. नेता प्रश्न विचारतो, मंत्री यादी देतो, सेनापती योजना आखतो, विशीतला पोरगा कळ दाबतो. प्रत्येकाला वाटतं, निर्णय आपला नव्हताच. जबाबदारी अशी वाटली गेली म्हणून कमी होते का? माझ्या मते नाही. ती प्रत्येकावर पुरीच्या पुरी राहते, आणि ज्याला ‘नको’ म्हणता आलं असतं त्याच्यावर सर्वांत जास्त.

बॉम्बर कमांडचे ५५,५७३ वैमानिक आणि विमानकर्मी मेले. लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये त्यांचं स्मारक उभं राहिलं ते २०१२ साली. ज्यांनी पाठवलं, त्यांना ही आठवण बहुधा अवघड जात होती.