सालीवरची लिपी आणि चार कप्पे

सह्याद्रीतल्या दमट जंगलात गुळगुळीत सालीच्या झाडांवर पांढुरके डाग दिसतात आणि त्यांवर शाईने ओढल्यासारख्या बारीक काळ्या रेघा. हे ‘ग्राफिस’, म्हणजे लिपीसारखे दिसणारे शैवाक. मसाल्यातले दगडफूल हेही शैवाकच. पण ते सोलून निघते. ग्राफिस सालीशी एकजीव झालेले असते. साल कापल्याशिवाय नमुना हाती येत नाही.

लिनियसने १७५३ मध्ये जवळजवळ सगळी शैवाके ‘लायकेन’ या एकाच प्रजातीत घातली. त्यांतल्या या रेघाळ जातीला त्याने ‘स्क्रिप्टस’, म्हणजे लिखित, म्हटले. पुढे आदान्साँने १७६३ मध्ये ‘ग्राफिस’ ही स्वतंत्र प्रजाती केली. तोवर ओळख होती ती डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांची.

एकोणिसाव्या शतकात सूक्ष्मदर्शकाने हा निकष बदलला. या रेघा म्हणजे शैवाकातल्या बुरशीची फळे. त्यांत बीजाणू असतात. बीजाणू रंगहीन की तपकिरी? त्यांतले पडदे नुसते आडवे की उभे-आडवे? जिनिव्हाच्या म्युलरने १८८०च्या सुमारास या दोन प्रश्नांवर चार कप्पे पक्के केले: ग्राफिस, ग्राफिना, फिओग्राफिस आणि फिओग्राफिना. मांडणी सुटसुटीत होती. शंभर वर्षांहून अधिक टिकली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पी. जी. पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम घाटातल्या या कुलाचा अभ्यास सुरू केला, तेव्हा चालू होते ते हेच कप्पे.

पण सोय म्हणजे नाते नव्हे. जर्मनीच्या बेटिना श्टायगर यांनी २००२ मध्ये रेघेच्या भिंतीची आणि आतल्या ऊतींची रचनाही जमेस धरली. तेव्हा एकाच कप्प्यातली शैवाके परकी निघाली आणि वेगवेगळ्या कप्प्यांतली सख्खी. ग्राफिना, फिओग्राफिना मोडीत निघाल्या. पुढे डीएनएच्या पुराव्याने ग्राफिसचेही दोन भाग झाले. २०१८ मध्ये ‘अॅलोग्राफा’ हे १८२४चे विस्मृतीतले नाव पुन्हा वापरात आले.

मग जुन्या अभ्यासकांचे श्रम वाया गेले का? मुळीच नाही. प्रत्येक फेरमांडणीत अभ्यासकांना परतावे लागले ते जुन्या पाकिटांतल्या सालीच्या तुकड्यांकडेच. पुण्यातल्या आजरेकर कवक-संग्रहातही असे नमुने जपलेले आहेत. नाव चुकले तर नवी चिठ्ठी जोडता येते. नमुनाच नसेल आणि झाडही तुटले असेल, तर कोणता वाद कशावर सोडवायचा? संग्रहालयाच्या खर्चाला कात्री लावताना हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.