‘आमचा संघ’ म्हणजे कोणाचा? : फुटबॉल विश्वचषकाच्या निमित्ताने



मागच्या व्याख्यानानंतर आपल्यापैकी दोघातिघांनी विचारलं होतं, की तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्याचा जन्म गेला तो माणूस फुटबॉलवर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. आम्ही फुटबॉल कधी धड खेळलो नाही. शाळेत गोलात उभं करायचे, तेही उंचीमुळे. पण आजचा विषय जेवढा फुटबॉल आहे, तेवढाच ‘आम्ही’ हा शब्दही आहे. त्या शब्दाशी आमचं पन्नास वर्षांचं भांडण आहे.

निमित्त घरातलंच. आमची नात न्यू जर्सीत वाढते आहे. परवा व्हिडिओ कॉलवर अमेरिकेच्या संघाचा शर्ट घालून आली आणि म्हणाली, “आबा, आमची टीम या वेळी घरच्या मैदानावर खेळणार!” आम्ही ‘वा, छान’ म्हटलं. फोन ठेवल्यावर मात्र कुठेतरी टोचलं. का टोचावं? भारत तर या स्पर्धेत नाहीच. म्हणजे पोरीने आपला संघ सोडून दुसऱ्याचा धरला, असंही झालेलं नाही. मग त्या ‘आमची’मध्ये आम्हाला खुपलं काय? त्याचा शोध घ्यायला आम्ही इतिहासात शिरलो, आणि आज तोच शोध आपल्यापुढे मांडतो आहोत.

येत्या ११ जून २०२६ रोजी मेक्सिको सिटीत पुरुषांचा फुटबॉल विश्वचषक सुरू होतो आहे. अंतिम सामना १९ जुलैला न्यू जर्सीत. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको असे तीन यजमान, पहिल्यांदाच ४८ संघ, एकूण १०४ सामने. हे सगळे ‘राष्ट्रीय’ संघ. आता या ‘राष्ट्रीय’ शब्दाचीच जरा उलटतपासणी करू.

आपली सर्वसाधारण समजूत अशी, की आधी राष्ट्र असतं आणि मग ते आपले अकरा खेळाडू निवडून पाठवतं. पण सुरुवातच पाहा. पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगोत झाला. स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड. गोल शून्य-शून्य. दोन्ही संघ एकाच राज्याचे, एकाच राणीची प्रजा! राजकीय नकाशावर जे एक होतं, ते मैदानावर दोन झालं, आणि आजही आहे. यंदा इंग्लंड आहेच. स्कॉटलंडही १९९८ नंतर प्रथमच विश्वचषकात येतो आहे. संयुक्त राष्ट्रांचे सदस्य १९३ आणि १९०४ मध्ये पॅरिसला स्थापन झालेल्या फिफाचे सदस्य २११. म्हणजे फुटबॉलचा नकाशा आणि राज्यांचा नकाशा कधीच तंतोतंत जुळत नाहीत. या न जुळणाऱ्या जागेतच आपल्याला आज रस आहे.

पहिला विश्वचषक १९३० साली उरुग्वेत झाला. तेरा संघ; युरोपातून चारच, तेही बोटीने. अंतिम सामन्यात उरुग्वेने अर्जेंटिनाला ४–२ असं हरवलं. त्या अर्जेंटिनाच्या संघात लुईस मोंती नावाचा खेळाडू होता. चार वर्षांनी रोममध्ये पुढच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, आणि मोंती पुन्हा मैदानावर. पण या वेळी इटलीच्या संघात! पूर्वज इटलीतले, मधल्या काळात तो तिथल्या युव्हेंटस क्लबकडे गेलेला, आणि मुसोलिनीच्या राजवटीला असे ‘रक्ताने इटालियन’ खेळाडू हवेच होते. दोन वेगवेगळ्या देशांकडून विश्वचषकाचा अंतिम सामना खेळलेला तो एकमेव माणूस. मग मोंतीचा ‘आम्ही’ कोणता? हा प्रश्न आपण सध्या लोंबकळत ठेवू.

आता दोन गोष्टी जरा सविस्तर सांगतो.

पहिली ऑस्ट्रियाची. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला व्हिएन्नाचा संघ युरोपात अद्भुत मानला जायचा. बारीक पास देत, जमिनीलगत चेंडू खेळवत जाणारी त्यांची शैली. सामन्यांची चर्चा कॉफीघरांत, साहित्यिक आणि प्राध्यापक यांच्या टेबलांवर व्हायची. संघाचा नायक माथियास सिंडेलार. अंगाने इतका किरकोळ, की लोक त्याला ‘कागदी माणूस’ म्हणत. १९३८ च्या विश्वचषकासाठी हा संघ रीतसर पात्र ठरला होता. पण मार्च १९३८ मध्ये हिटलरचं सैन्य ऑस्ट्रियात शिरलं आणि देशच नकाशावरून गेला. देश गेला तसा संघही गेला. फ्रान्समधल्या स्पर्धेत ऑस्ट्रियाची जागा रिकामी राहिली. त्यांच्याशी खेळायचं होतं त्या स्वीडनला न खेळताच पुढे चाल मिळाली. सोळाचे पंधरा झाले.

ऑस्ट्रियाचे चांगले खेळाडू जर्मन संघात घालण्यात आले. हिशेब असा, की दोन उत्तम संघांची बेरीज म्हणजे अजिंक्य संघ. प्रत्यक्षात काय झालं? पहिल्याच फेरीत स्वित्झर्लंडशी १–१ बरोबरी, आणि फेरसामन्यात ४–२ असा पराभव. अंकगणितात एक अधिक एक दोन होतात. ‘आम्ही’ अधिक ‘आम्ही’ म्हणजे मोठा ‘आम्ही’ होतोच असं नाही.

सिंडेलार त्या संघात नव्हता. वय झालं, गुडघा दुखतो, अशी कारणं त्याने दिली. त्याआधी ३ एप्रिल १९३८ रोजी व्हिएन्नात ‘मीलनाचा’ म्हणून एक सामना झाला होता. ऑस्ट्रियाच्या जुन्या संघाने जर्मनीला २–० असं हरवलं, आणि पहिला गोल सिंडेलारचा होता. जानेवारी १९३९ मध्ये तो घरात विषारी वायूने गेला. त्याच्याभोवती दंतकथांचं जाळं आहे, ते बाजूला ठेवू. मात्र त्याला निखळ नायक करण्याचीही घाई नको. त्याच काळात एका ज्यू मालकावर सक्ती करून विकायला लावलेलं कॅफे सिंडेलारने घेतलं होतं. माणूस एका जागी नकार देतो आणि दुसऱ्या जागी फायदा घेतो. इतिहास वाचताना दोन्ही पानं वाचायची असतात.

त्याच १९३८ च्या स्पर्धेत आणखी एक संघ होता : डच ईस्ट इंडीज, म्हणजे आजचा इंडोनेशिया. आशियातून विश्वचषकात गेलेला हा पहिला संघ. हंगेरीकडून ०–६ हरून एकाच सामन्यात परतला. युरोपातल्या एका राष्ट्राचा संघ पुसला गेला, आणि जे अजून राष्ट्र म्हणून मान्यच नव्हतं त्या वसाहतीचा संघ मात्र डच झेंड्याखाली खेळून गेला.

दुसरी गोष्ट अल्जीरियाची. हिच्यात क्रम अगदी उलटा आहे.

१९५८ साली अल्जीरिया फ्रान्सच्या ताब्यात होता आणि स्वातंत्र्ययुद्ध पेटलेलं होतं. फ्रेंच क्लबांत अनेक अल्जीरियन खेळाडू होते. त्यांतला रशीद मेखलुफी सेंट-एतियेनचा लाडका, वय एकवीस. मुस्तफा झितूनी मोनाकोचा. विश्वचषकासाठी फ्रान्सच्या संघात दोघांचाही विचार चालू होता. एप्रिल १९५८ मध्ये, स्पर्धा दोन महिन्यांवर असताना, हे दोघं आणि त्यांचे साथीदार गुपचूप फ्रान्स सोडून निघाले. कोणी स्वित्झर्लंडमार्गे, कोणी इटलीमार्गे. काही जण वाटेत पकडले गेले. बाकीचे ट्यूनिसला पोहोचले आणि स्वातंत्र्य आघाडीच्या नावाने त्यांनी संघ उभा केला. मेखलुफी तर तेव्हा सक्तीच्या लष्करी सेवेत होता. म्हणजे त्याचं जाणं हे सैन्यातून पळून जाणं होतं. तो मूळचा सेतिफचा. ८ मे १९४५ रोजी सेतिफमध्ये निदर्शकांवर गोळ्या चालल्या आणि त्यानंतर त्या भागात हजारो माणसं मारली गेली, तेव्हा तो आठ वर्षांचा होता.

या संघाला फिफाने मान्यता दिली नाही; त्याच्याशी खेळणाऱ्यांनाही कारवाईची भीती होती. तरी चार वर्षं हे लोक पूर्व युरोप, अरब देश, चीन, उत्तर व्हिएतनाम असे फिरत राहिले. सामन्याआधी आपला झेंडा, आपलं गीत. ज्या देशाचा झेंडा ते लावत होते तो देश अजून अस्तित्वातच नव्हता! तो ५ जुलै १९६२ रोजी स्वतंत्र झाला. संघ चार वर्षं आधी, राष्ट्र नंतर.

अर्नेस्ट रेनाँ या फ्रेंच विचारवंताने १८८२ साली पॅरिसमध्ये ‘राष्ट्र म्हणजे काय’ याच विषयावर व्याख्यान दिलं होतं. त्याच्या म्हणण्याचं सार असं, की वंश, भाषा, भूगोल यांपैकी कशानेही राष्ट्र ठरत नाही. एकत्र राहण्याची इच्छा रोज नव्याने व्यक्त होत राहते, त्यातून ते ठरतं. गंमत पाहा, फ्रान्सने जगाला दिलेला हा विचार फ्रान्सच्याच विरोधात प्रत्यक्ष जगून दाखवला तो या फुटबॉलपटूंनी.

आणि पुढे? युद्ध संपल्यावर मेखलुफी सेंट-एतियेनला परतला. लोक दगड मारतील अशी धास्ती होती. लोकांनी त्याला पुन्हा आपलं म्हटलं. १९६८ च्या फ्रेंच चषकाच्या अंतिम सामन्यात सेंट-एतियेनचे दोन्ही गोल त्याचे, आणि चषक द्यायला स्वतः द गॉल. एकाच माणसात दोन ‘आम्ही’ नांदू शकतात. त्यासाठी समोरच्यांचं मन मोठं लागतं, एवढंच.

या दोन्ही गोष्टी १९८२ मध्ये स्पेनमध्ये एकमेकींना भिडल्या. अल्जीरिया पहिल्यांदाच विश्वचषकात, आणि मेखलुफी प्रशिक्षकांपैकी एक. पहिल्याच सामन्यात त्यांनी पश्चिम जर्मनीला २–१ असं हरवलं. मग २५ जूनला गटातला शेवटचा सामना : पश्चिम जर्मनी विरुद्ध ऑस्ट्रिया. जर्मनी एक-दोन गोलांनी जिंकली तर दोघंही पुढे जातात आणि अल्जीरिया बाहेर, असा हिशेब आधीच स्पष्ट होता. दहाव्या मिनिटाला जर्मनीचा गोल झाला, आणि उरलेला वेळ दोन्ही संघ चेंडू इकडून तिकडे ढकलत राहिले. अल्जीरिया बाहेर गेला. १९३८ मध्ये ज्या ऑस्ट्रियाला जर्मनीने गिळलं, त्याच ऑस्ट्रियाने आता जर्मनीच्या जोडीने नवख्या राष्ट्राची वाट अडवली. ज्याच्यावर अन्याय झाला तो पुढे न्यायाने वागेलच, असा नियम इतिहासात नाही. मात्र त्या दिवसापासून एक नियम जन्माला आला : गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी सुरू करायचे. तो आजही पाळला जातो.

आता यंदाकडे वळू. पहिल्यांदाच येणाऱ्यांत क्युरासाओ आहे. लोकसंख्या सुमारे दीड लाख, आपल्याकडच्या तालुक्याच्या मोठ्या गावाएवढी. ते सार्वभौम राष्ट्रही नाही. नेदरलँड्सच्या राजसत्तेतला एक स्वायत्त भाग. संघातले बहुतेक खेळाडू जन्मले नेदरलँड्समध्ये, पण खेळतात आजी-आजोबांच्या बेटासाठी. दुसरा नवखा केप व्हर्डे. आपल्या गोव्यावर होती तीच पोर्तुगीज सत्ता या बेटांवरही होती. गोवा १९६१ मध्ये सुटला, ही बेटं १९७५ मध्ये. तारीख अल्जीरियाचीच, ५ जुलै. त्यांचा बचावपटू रॉबेर्तो लोपेस डब्लिनमध्ये जन्मला. वडील केप व्हर्डेचे, आई आयरिश. संघात येण्याचं निमंत्रण त्याला लिंक्डइनवर आलं, तेही पोर्तुगीजमध्ये, आणि त्याला ते फालतू जाहिरात वाटलं! राष्ट्राची हाक आता अशीही येते.

आणि आपण? १९५० साली आपल्याला विश्वचषकाचं दार उघडं होतं. आपण गेलो नाही. अनवाणी खेळू देत नव्हते म्हणून गेलो नाही, ही लाडकी गोष्ट. खरी कारणं साधी होती. लांबचा प्रवास, सरावाला वेळ नाही, आणि तेव्हाच्या संघटकांच्या लेखी ऑलिंपिकपुढे या स्पर्धेला नसलेली किंमत. आज आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे परदेशी पासपोर्ट असलेला भारतीय वंशाचा खेळाडू भारताकडून खेळू शकत नाही. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या रायन विल्यम्सने २०२५ मध्ये तिथलं नागरिकत्व सोडून भारताचं घेतलं. त्याची आई मूळची मुंबईची. काहींना हा कायदा कठोर वाटतो. आम्हाला तो चूक वाटत नाही, पण त्याचा अर्थ समजून घ्यावा. काही देश विचारतात, ‘तुझे आजोबा कुठले?’ आपण विचारतो, ‘तू काय सोडायला तयार आहेस?’ पहिल्या प्रश्नाच्या जोरावर मुसोलिनीने मोंतीला नेलं, आणि त्याच प्रश्नाने लोपेसला बापाचं बेटही दिलं. दुसऱ्या प्रश्नाला मेखलुफीने आपलं उत्तर दिलं. दोन्हींतला कुठलाच एक प्रश्न पुरेसा नाही.

परत आमच्या नातीकडे येतो. टोचलं ते कशामुळे, हे आता आम्हाला थोडं कळलं आहे. तिच्या ‘आमची’मध्ये आपण नाही, या भीतीने. पण ‘आम्ही’ हा शब्द वारसाहक्काने मिळत नाही. तो रोज बोलून मिळवावा लागतो, आणि ती तो तिच्या गावात, तिच्या मित्रमैत्रिणींत बोलते आहे. ती मराठीत बोलली, हेही आम्ही त्या दिवशी ऐकलं नव्हतं. पुढच्या फोनवर तिला तिच्या संघातल्या खेळाडूंची नावं विचारणार आहोत.

जाता जाता एक. यंदाच्या सोडतीत अल्जीरिया आणि ऑस्ट्रिया एकाच गटात आले आहेत, आणि गटातला त्यांचा शेवटचा सामना एकमेकांशीच आहे. २७ जूनला कॅन्सस सिटीत. आपल्याकडे तेव्हा २८ ची सकाळ असेल. चहा घेऊन बसा. १९८२ चा हिशेब तिथे चुकता होईल असं नाही. खेळाडूंपैकी तेव्हा जन्मलेलंही बहुधा कोणी नसेल. पण आधी दोन्ही राष्ट्रगीतं होतील. त्यातलं एक गीत कधीकाळी अस्तित्वात नसलेल्या देशाचं म्हणून वाजलं होतं, आणि दुसऱ्या देशाचा संघ एका वसंतात नाहीसा झाला होता. तेवढं आठवून ती ऐका.