आकृतीतले हरवलेले वर्तुळ

अंकीय इलेक्ट्रॉनिक्सच्या जुन्या पुस्तकातील आकृतीपाशी अडलेला विद्यार्थी बहुधा स्वतःलाच दोष देतो. मग तो अमरावतीच्या राजापेठेतला असो वा मुंबईतला. पुष्कळदा दोष त्याचा नसतो. त्या आकृतीमागे एक इतिहास असतो.

जॉर्ज बूल यांनी १८५४ मध्ये तर्काचे बीजगणित विस्ताराने मांडले. क्लॉड शॅनन यांनी १९३७ च्या प्रबंधात ते स्विच आणि रिले यांच्या परिपथांना लावून दाखवले. गणित ठरले, तरी चिन्हे ठरायला आणखी काळ गेला. इंग्रजी 'डी'सारख्या आकाराचे अँड गेट १९६२ च्या अमेरिकन लष्करी मानकामुळे रूढ झाले. पुढे आंतरराष्ट्रीय मानकात चौकोनी चिन्हे आली, आणि १९८४ च्या अमेरिकन मानकाने दोन्ही पद्धती मान्य केल्या. म्हणूनच एकच गेट दोन पुस्तकांत दोन रूपांत भेटते.

तारांचेही तसेच. काही आकृत्यांत न जुळणाऱ्या तारांच्या छेदावर लहानशी कमान काढत. इतरत्र साधा छेद म्हणजे जोड नाही आणि ठिपका म्हणजे जोड. छपाईत किंवा छायाप्रतीत ठिपका पुसला गेला, की परिपथच बदलतो.

सर्वांत फसवे असते ते गेटच्या टोकाचे चिमुकले वर्तुळ, म्हणजे नकाराची खूण. समजा, एका आकृतीत दोन अँड गेटची आउटपुटे परस्परांच्या इनपुटांना जोडली आहेत आणि खाली 'स्मृतिपरिपथ' असे लिहिले आहे. कोणत्याही बाहेरच्या इनपुटला एकदा ० द्या. दोन्ही आउटपुटे ० होतील. आता ते इनपुट पुन्हा १ केले, तरी ती ० च राहतील. ज्या पाटीवर दुसरे अक्षर लिहिताच येत नाही, ती स्मृती कसली? तेथे नँड गेटच हवीत. वर्तुळे छपाईत हरवली आहेत.

आणखी एक गोष्ट आकृतीत सहसा दाखवतच नाहीत: वीजपुरवठा. ७४०० या चिपच्या नेहमीच्या १४ पायांच्या रूपात १४ व्या पायाला +५ व्होल्ट आणि ७ व्या पायाला भूजोड द्यावीच लागते.

म्हणून वर्गात आकृती नुसती उतरवून घेऊ नये. तिची सत्यता सारणी विद्यार्थ्यांकडून मांडून घ्यावी आणि पुस्तकातील वर्णनाशी ताडून पाहावी. छापील आकृती तपासता येते, हे कळले की विद्यार्थी पान उलटण्याऐवजी पेन्सिल हाती घेतो.