वासावर पेरणी

लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं, त्या एप्रिल २०१६ मधली गोष्ट. कामानिमित्त नांदेडला गेलो होतो. इतवाऱ्यात एका अत्तरवाल्याने फाया हाताच्या पाठीवर टेकवला आणि म्हणाला, "मिट्टी है, साहब." हुंगलं आणि जागेवरच थबकलो. मृगाचा पहिला पाऊस! बाहेर तर ऊन नुसतं भाजून काढत होतं. बाटली घेतली आणि गावी येऊन मायला दिली.

माय किनवटकडची, सागाच्या जंगलाला लागून असलेल्या गावची. लग्न होऊन आमच्या उघड्या-बोडक्या काळ्या रानात आली. तिने बाटली नाकाशी धरली, डोळे मिटले. "ही आमच्या जंगलातली माती न्हाई रे. भाजलेली हाय. कोरं मडकं भिजल्यावानी वास येऊलालाय."

म्हातारीचं नाक खरं होतं. हे अत्तर उत्तर प्रदेशातल्या कन्नौजचं. तिथे मातीच्या चकत्या करून भाजतात, तांब्याच्या डेगीत पाण्यासोबत घालतात आणि झाकण मातीनेच लिंपून खाली जाळ करतात. वाफ बांबूच्या नळीतून 'भपका' नावाच्या भांड्यात उतरते. भपक्यात चंदनाचं तेल असतं, ते मातीचा वास धरून ठेवतं.

बेअर आणि थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी १९६४ साली या वासाला 'पेट्रिकोर' असं नाव दिलं. आपल्याकडच्या या अत्तराचा उल्लेख त्यांच्या लेखात आहे. म्हणजे ते नाव ठेवायच्या आधीपासून कन्नौजवाले हा वास बाटलीत भरून विकत होते. उन्हाळाभर तापलेली माती आणि दगड हवेतली, झाडापाल्याची तेलं शोषून घेतात. पहिली सर आली की ती बाहेर पडतात. कोरड जितकी लांबते तितका वास जास्त.

मायच्या जंगलाचा वास वेगळा. पालापाचोळ्याखालच्या मातीत राहणारे जीवाणू तो तयार करतात. त्यातल्या द्रव्याला १९६५ मध्ये अमेरिकेत 'जिओस्मिन' असं नाव मिळालं. क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन निघालं ते याच जीवाणूंच्या कुळातून. आमच्या रानातही ते असतात, पण किनवटला पावसाळाभर जमीन ओली राहते, म्हणून वासही टिकतो. आमच्याकडे सगळा सोहळा एका संध्याकाळचा.

त्या एका संध्याकाळीच आमचे आबा फसले. मी चौथीत असेन. मृगाची सर आली, गाव घमघमलं. आबा ढेकूळ हातात घेऊन हुंगत म्हणाले, "औंदा साधलं." माय म्हणत होती, थांबा जरा. पण दुसऱ्या दिवशी वापसा दिसला आणि आबांनी तिफण धरली. ज्वारी, मूग, उडीद, सगळं बी जमिनीत गेलं. मग वीस दिवस आभाळ कोरडं. कोंब वर आले आणि करपले. दुबार पेरणीच्या बियाण्यासाठी मायची बोरमाळ गहाण पडली. ती परत आलीच नाही. आबांनी पुढे कधी ढेकूळ हुंगलं नाही, आणि मायने त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. मला हे दुसरं जास्त अवघड वाटतं.

खूप नंतर कळलं, की त्याच दोघा शास्त्रज्ञांनी १९६५ साली आणखी एक गोष्ट दाखवली होती: पेट्रिकोरचं तेल बियांचं उगवणं रोखून धरतं. आमचं बी ओल नव्हती म्हणून गेलं, तेलामुळे नाही. तरी वाचताना हसू आलं. जो वास आम्हाला 'पेर' म्हणत होता, तो बियाला 'थांब' म्हणत होता. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. पण वास आला की कोण मिलिमीटर मोजतं?

त्या वर्षी जूनमध्ये पाऊस आला. दुष्काळ भोगलेल्या जमिनीचा वास असा सुटला, की अंगणातली पोरं वेड्यासारखी नाचली. पुतण्या लगेच बियाण्याची पोती ट्रॅक्टरजवळ आणू लागला. माय ओसरीवरून उठली आणि खुरपं त्याच्या हातात दिलं. "आधी उकरून बघ."

त्याने उकरलं. ओल चार बोटं, खाली फुफाटा.

बी आणखी आठ दिवस पोत्यातच राहिलं. अत्तराची बाटली मायने देवळीत ठेवली होती, तिला कुणी हात लावला नाही.